गळ बदलला की ल्युअरची चाल बदलते

खाडीतून आणलेला ल्युअर, म्हणजे गळ लावलेला खोटा मासा, न धुता पेटीत ठेवला, की दोन-तीन दिवसांत शेजारच्या कप्प्यातही तांबूस डाग उमटतात. ठाणे, ऐरोली, वाशी, उलवे, पाणी कुठलंही घ्या, त्यात मीठ आहेच आणि वर बारीक गाळ. हा गाळ गळ अडकवायच्या कडीच्या (स्प्लिट रिंगच्या) फटीत बसतो, ओलावा धरून ठेवतो आणि गंज तिथूनच धरतो. मग दुकानातून तेवढाच दिसणारा दुसरा गळ आणून कडीत अडकवला जातो. पुढच्या भरतीला ल्युअर टाकावा, तर तो पूर्वीसारखा चालत नाही. थांबायच्या जागी बुडतो, नाहीतर शेपूट टेकवून आळसावल्यासारखा येतो. अशा वेळी दोष पाण्याला किंवा तिथीला दिला जातो. बहुतेक वेळा कारण त्या नव्या गळात असतं. तो जुन्यापेक्षा पाव-अर्धा ग्रॅम जड किंवा हलका असतो.

अर्ध्या ग्रॅमने काय होतं, हे समजायला एक साधा हिशेब पुरतो. पाण्यात जागच्या जागी तरंगत राहणारा, म्हणजे सस्पेंडिंग प्रकारचा १४ ग्रॅमचा मिनो (लहान माशाच्या आकाराचा ल्युअर) घ्या. गोड्या पाण्यात तो बरोबर १४ घन सेंटीमीटर पाणी बाजूला सारतो, म्हणून ना वर येतो ना खाली जातो. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५ असते. तिथे त्याच ल्युअरला १४.३५ ग्रॅमचा उचल मिळतो, म्हणजे ०.३५ ग्रॅम जास्त. आता आपली खाडी पाहा. मे महिन्यात ती समुद्राच्या जवळपास खारी असते. ऑगस्टमध्ये डोंगरावरून, नाल्यांतून, घोडबंदरच्या अंगाला तर थेट उल्हासमधून इतकं गोडं पाणी येतं की चव मचूळ होऊन जाते. म्हणजे गळाला हात न लावताही ल्युअर ऋतूप्रमाणे पाव-अर्धा ग्रॅम जड-हलका होतो. त्यात आपण न मोजता गळ बदलला तर दोन्ही चुका एकमेकींत मिळतात आणि काय बिघडलं ते कळायला मार्ग राहत नाही.

म्हणून पहिलं साधन पक्कड नव्हे, वजनकाटा. सोनार वापरतात तसला खिशात मावणारा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. नवा ल्युअर पाकिटातून काढला की पाण्यात टाकण्याआधी तो अख्खा तोला, मग पुढचा गळ आणि मागचा गळ कडीसकट वेगवेगळे तोला आणि लिहून ठेवा. गंजलेल्या गळाचं वजन घेऊन फारसा उपयोग नसतो, कारण त्याचं धातू झडलेलं असतं किंवा वर पुटं चढलेली असतात.

तपासणी मात्र अणीपासून सुरू करू नका, नेढ्यापासून करा. गळ कडीत एका बाजूला सरकवा आणि मोबाइलचा टॉर्च मारून नेढ्याच्या आतली, कडी टेकते ती बाजू पाहा. कडी स्टेनलेसची असते, गळ बहुधा हाय कार्बन स्टीलचा. हे दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की बारीकशी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतो तो गळ. शिवाय तिथे सतत घासाघीस चालू असल्याने वरचा लेप आधीच गेलेला असतो. म्हणून बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या गळाच्या नेढ्यात आतून तपकिरी रेघ सापडते. टाचणीने ती रेघ खरवडा. नुसता डाग असेल तर पुसला जाईल. टाचणी खड्ड्यात अडखळली, तर तो गळ गेला असं समजा. मोठा मासा लागतो तेव्हा पहिला ताण याच जागेवर येतो.

त्यानंतर ट्रेबलच्या, म्हणजे तीन अण्यांच्या गळाच्या, तीन दांड्या जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात, तो जोड पाहा. तिथे बारीक चीर किंवा हिरवट-काळपट कड दिसली तर पुढे तपासत बसू नका. मग वळण. एका कागदावर त्याच मापाच्या नव्या गळाची आकृती काढून त्यावर जुना गळ ठेवला, की किती उघडला आहे ते लगेच दिसतं. उघडलेला गळ पकडीने दाबून पुन्हा जागेवर आणायचा मोह आवरा. एकदा वाकून सरळ झालेलं पोलाद त्याच जागी दुसऱ्यांदा फार लवकर वाकतं किंवा सरळ तुटतं.

शेवटी अणी. ती नखावर ४५ अंशांत टेकवून अजिबात जोर न देता ओढा. नखात रुतून थांबली तर ठीक, घसरली तर बोथट. दुसरी खूण डोळ्याने दिसते. अणीवर प्रकाश पाडून पाहिलं की बोथट टोकावर मोहरीच्या दाण्याहून लहान असा चमकता ठिपका दिसतो, धारदार टोकावर काहीच चमकत नाही. आपल्याकडे पुलाच्या खांबांवर कालवांची शिंपली थरावर थर चढलेली असतात. त्यांना गळ एकदा जरी घासून आला तरी अणी बारीक दुमडते. डोळ्यांना दिसणार नाही, नखाला कळेल.

बोथट गळाला धार लावता येते. बारीक दात्यांची कानस घ्यायची आणि अणीमागच्या उलट्या काट्याकडून अणीच्या दिशेने, एकाच दिशेत, तीन-चार हात मारायचे. मग उरलेल्या बाजूंना तसेच. उलटसुलट घासलं की अणी आणखी दुमडते. पण खाऱ्या पाण्यासाठी हा उपाय तेवढ्या दिवसापुरताच धरावा. कानशीने लेप निघतो आणि उघडं पडलेलं टोक रातोरात गंजतं. धार लावून तो दिवस काढा, घरी आलात की गळ बदला.

गंज काढायला लिंबू, व्हिनेगर किंवा बाथरूम साफ करायचं ॲसिड वापरण्याची युक्ती बरेच जण सांगतात. गळाच्या बाबतीत ती धोक्याची आहे. आम्लाची धातूवर क्रिया होताना हायड्रोजन सुटतो, तो कडक केलेल्या पोलादात शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. गळ स्वच्छ, नव्यासारखा दिसतो आणि झटक्याला काचेसारखा मोडतो. गळ तापवून वाकवणं किंवा त्यावर डाग देणंही तसंच वाईट. उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं.

आता नवा गळ निवडणं. आकड्यांचा घोळ आधी सोडवू. ८, ६, ४, २, १ असा आकडा उतरत जातो तसा गळ मोठा होत जातो. १ नंतर १/०, २/०, ३/० अशी चढण सुरू होते. ९ सेंटीमीटरच्या मिनोवर बहुधा ६ किंवा ४ नंबरचे ट्रेबल येतात, ११-१२ सेंटीमीटरवर ४ किंवा २. पण एका कंपनीचा ४ आणि दुसरीचा ४ सारखे नसतात. ओनर, व्हीएमसी, मुस्टॅड, बीकेके यांची पाकिटं शेजारी ठेवली की तोंडाची रुंदी आणि दांडीची लांबी दोन्ही वेगळी निघतात. म्हणून दुकानात जाताना जुना गळ बरोबर न्या आणि त्यावर नवा ठेवून पाहा.

दुसरा आकडा तारेच्या जाडीचा असतो: १एक्स, २एक्स, ३एक्स, ४एक्स. आकडा चढला की तार जाड आणि गळ जड. बाजारात मिळणारे पुष्कळसे मिनो जपानी सीबास किंवा अमेरिकी बास हे मासे डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात आणि त्यांच्यावरचे गळ बारीक तारेचे असतात. आपल्याकडे त्याच ल्युअरवर जिताडा येतो. जिताडा तोंड उघडून पाण्यासकट ल्युअर आत ओढतो आणि जबडा इतक्या जोराने मिटतो की बारीक ट्रेबलची एखादी दांडी तिथेच आडवी होते. तांबोशीची तऱ्हा निराळी. ती घेते आणि तडक तिवराच्या मुळांत नाहीतर खडकात शिरते, म्हणून ड्रॅग (रिळाचा दोरी अडवणारा ब्रेक) घट्ट ठेवून तिला अडवावं लागतं आणि तो सगळा ताण गळावर येतो. म्हणून खाडीसाठी ३एक्सच्या खाली जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. फक्त जाड तारेने वाढलेलं वजन कुठून तरी कमी करावं लागतं. एक तर गळ एका मापाने लहान घ्या, नाहीतर आखूड दांडीचा घ्या. ४ नंबरचा २एक्स काढून ६ नंबरचा ३एक्स घातला तर वजन पुष्कळदा जवळ जवळ जुळतं, आणि काट्यावर ठेवलं की किती जुळलं तेही कळतं.

पाकिटावर लिहिलेल्या ताकदीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. नव्या पाकिटातला एक गळ परीक्षेसाठी द्या. ५ लिटरचा कॅन पाण्याने भरला की जवळपास ५ किलो होतो, आणि खाडीतल्या पुलापाशी घट्ट केलेला ड्रॅग साधारण ४-५ किलोच असतो. ट्रेबलच्या फक्त एका दांडीला जाड दोरीचा फास अडकवा, नेढं पक्क्या खिळ्याला लावा आणि कॅन जमिनीपासून बोटभर उंचीवरच हळूहळू सोडा. डोळ्यांवर चष्मा हवाच. कॅन उतरवल्यावर गळ कागदावरच्या आकृतीशी जुळला तर पाकीट चांगलं. तोंड उघडंच राहिलं तर त्या पाकिटातले गळ बोईसारख्या लहान माशांना ठेवा. परीक्षेतला गळ पुन्हा ल्युअरवर लावू नका.

लेपाबद्दल एवढंच सांगतो. काळा निकेल गोड्या पाण्यात मरळीसाठी छान, खाडीत तो लवकर हरतो. कथिलाचा मळकट पांढरा लेप दिसायला साधा, पण मिठात टिकतो. पूर्ण स्टेनलेसचा गळ गंजत नाही, पण तुटून माशाच्या तोंडात राहिला तर तो झिजूनही जात नाही, आणि धारही कार्बन स्टीलइतकी टिकत नाही. मला तो ल्युअरवर आवडत नाही.

मापाची अजून एक अडचण फक्त ल्युअर हातात धरल्यावर दिसते. पुढचा आणि मागचा गळ दोन्ही एकमेकांकडे पूर्ण ताणून पाहा. त्यांच्या अण्या एकमेकींपर्यंत पोहोचल्या तर फेकताना ते एकमेकांत अडकणार आणि ल्युअर गिरकी खात पडणार. तसंच, पोटाचा गळ फिरवून पाठीवर नेता आला तर तो दोरीला किंवा लीडरला (दोरीच्या टोकाला जोडलेल्या जाड धाग्याला) धरणार. गळ जितपत हलतो तितपतच्या अर्धवर्तुळाकार चऱ्या ल्युअरच्या पोटावर पडलेल्या असतात. त्या चऱ्या मूळ गळाचं मापच आहेत. नव्या गळाची अणी त्याच रेषेवरून फिरली की माप बरोबर.

आता कडी. जुनी कडी पुन्हा वापरायची की नाही, हे तिच्या फटीवरून ठरतं. दिव्याकडे धरल्यावर दोन वेढ्यांमधून उजेड दिसला तर ती ताणलेली आहे, टाकून द्या. तशा फटीतून पीई (विणलेली) दोरीही शिरते आणि कापली जाते. किल्ल्यांच्या रिंगा कड्या म्हणून लावू नका. त्या मऊ लोखंडावर मुलामा दिलेल्या असतात, ताणाला उलगडतात आणि महिन्याभरात गंजतात. कड्यांचे नंबरही कंपनीगणिक बदलतात, म्हणून बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. फार मोठी कडी घातली तर गळ जास्त फिरतो आणि वर सांगितलेला गुंता होतो. फार लहान घातली तर जाड नेढं तिच्यात आखडतं आणि मासा डोकं झटकताना गळ उचकटून सुटतो.

काम करताना एका टोकाला बारीक दात असलेली स्प्लिट रिंगची पक्कड हवीच. नखाने किंवा चाकूने कडी उघडण्यात पेटीतल्या इतर गळांपेक्षा जास्त जखमा होतात. ल्युअर ओल्या फडक्यात गुंडाळा किंवा थर्माकोलच्या तुकड्यात अण्या खुपसून ठेवा, म्हणजे रिकामा गळ हातात शिरणार नाही. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. ट्रेबलची कुठली दांडी पुढे आणि कुठल्या दोन पोटाला चिकटलेल्या होत्या, हे नंतर आठवत नाही आणि उलट बसवलेला ट्रेबल सरळ लोंबत नाही.

कडी एकदाच उघडायची, ही यातली खरी किल्ली. पक्कडीचा दात कडीच्या टोकापासून दोन-तीन मिलिमीटर आत घाला आणि नेढ्याची जाडी जाईल इतकंच उघडा. जुना गळ न काढता नव्या गळाचं नेढं आधी त्या फटीत सरकवा. मग पक्कड काढून नवा गळ कडीवर फिरवत न्या. तो जसा पुढे सरकतो तसा त्याच्या पुढचा जुना गळ ढकलला जातो आणि दुसऱ्या टोकाला पोहोचला की आपोआप बाहेर पडतो. नवा गळ आत, जुना बाहेर, आणि कडी फक्त एकदा ताणली गेली. काढून मग घालायला गेलात तर तीच कडी दोनदा ताणते आणि तिच्यात ती उजेडाची फट पडते. सगळं झाल्यावर कडीचं टोक ल्युअरच्या कोंड्यावर (कडी अडकते त्या तारेच्या डोळ्यावर) किंवा नेढ्यावर अडकलेलं नाही ना, हे बोटाने फिरवून पाहा. अर्धवट अडकलेली कडी पहिल्याच झटक्याला उघडते.

जुना गळ इतका गंजला असेल की कडीत फिरतच नाही, तर साइड कटरने दांडी कापा. कापताना तुकडा गोळीसारखा उडतो, म्हणून त्यावर फडकं धरा आणि चष्मा लावा. कटर साधा, सुतारकामाचा चालेल, पण ३एक्स-४एक्सच्या तारेने त्याच्या धारेला खाचा पडतात. म्हणून जुना, वाया गेलेला कटर यासाठी वेगळा ठेवा.

ट्रेबलच्या जागी एकेरी गळ लावावेत का? तिवरांत आणि खांबांपाशी मी म्हणेन, जरूर लावा. ट्रेबलच्या तीन अण्यांपैकी एक कुठेतरी अडकतेच, आणि तुटलेला ल्युअर दोरीसकट खाडीत राहतो. एकेरी गळ कमी अडकतो, माशाच्या तोंडातून पटकन निघतो, कल्ले फाडत नाही. लहान मासा थोडा जास्त चुकतो, हे खरं. साधारणपणे ४ नंबरच्या ट्रेबलच्या जागी १/० किंवा २/०चा एकेरी बसतो, पण इथेही अंतिम शब्द काट्याचा. माप निवडताना गळाचं तोंड ल्युअरच्या पोटाच्या जाडीपेक्षा मोठं हवं, नाहीतर अणी पोटाच्या आडोशाला राहते आणि माशाच्या तोंडाला पोहोचतच नाही.

यात सर्रास होणारी चूक नेढ्याची आहे. साध्या गळाचं नेढं वळणाला आडवं असतं. तसा गळ पोटाच्या कोंड्याला कडीने लावला की अणी डावी-उजवीकडे तोंड करून लोंबते. इनलाइन प्रकारच्या गळाचं नेढं वळणाच्याच पातळीत असतं, म्हणून तो सरळ रेषेत लोंबतो. इनलाइनच घ्या. बसवताना पोटाच्या गळाची अणी ल्युअरच्या तोंडाच्या दिशेने आणि शेपटीच्या गळाची अणी वर, असं ठेवलं की दोन्ही गळ कमी अडकतात.

उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला तर मासा सोडणं आणि स्वतःच्या बोटातून गळ काढणं, दोन्ही सोपं होतं. हाय कार्बन गळ ठिसूळ असतो, म्हणून एकदम दाबू नका. काट्याच्या मुळाशी पक्कड धरून दोन-तीन टप्प्यांत दाबा. दोरी सैल न सोडणाऱ्याला यात काही गमवावं लागत नाही.

ल्युअरच्या अंगाची डागडुजी थोडक्यात सांगतो. कानाजवळ हलवा. आतले शिशाचे गोळे खुळखुळतात तो आवाज वेगळा आणि पाण्याचा डचमळण्याचा आवाज वेगळा. पाणी शिरलं असेल तर ल्युअर सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा. आतली हवा फुगते आणि चीर असेल तिथून बुडबुडे निघतात. तिथे पेन्सिलने खूण करा, पोटाखाली १ मिलिमीटरचं भोक पाडून पाणी काढा, दोन दिवस पंख्याखाली वाळवा आणि मग दोन्ही जागा इपॉक्सीने बुजवा. ॲराल्डाइटचे दोन भाग समान घ्यायचे, आणि ते नीट, निदान मिनिटभर घोटायचे. पावसाळ्यातल्या दमट हवेत त्यावर चिकट पापुद्रा येतो, म्हणून बल्बच्या उबेत वाळवा. लाकडी ल्युअरचा आट्याचा कोंडा सैल झाला असेल तर तो काढून भोकात इपॉक्सी आणि लाकडी टूथपिकचा तुकडा भरा, पूर्ण घट्ट झाल्यावर पुन्हा बारीक भोक पाडून कोंडा फिरवा. हा थेंबभर इपॉक्सीसुद्धा वजनात धरा. पोटावरच्या चऱ्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात पुरतो, पण आधी शेपटीजवळ एका ठिपक्यावर लावून पाहा, कारण त्यातला द्रावक काही रंगांना सुरकुत्या पाडतो. पुढचा ओठ, म्हणजे ल्युअरच्या तोंडाखालचं पातं, मोडला असेल तर जुन्या सीडीतून कापता येतो. सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेटच. तिचा चंदेरी थर चिकटपट्टीने सोलून काढा आणि कापण्याआधी गरम पाण्यात ठेवा, नाहीतर तडकते. कोन मात्र मूळ ओठाचाच ठेवावा लागतो. एक-दोन अंश चुकले तरी ल्युअर किती खोल जाईल ते बदलतं.

जिगचे (धातूच्या जड ल्युअरचे) असिस्ट गळ, म्हणजे आखूड दोरीला बांधलेले गळ, तपासताना गळापेक्षा त्याची दोरी आधी पाहा. दात लागून तिचे तंतू फुललेले असतात. फुललेली दोरी कापून नवीच बांधा, कारण वरच्या हीटश्रिंक नळीखाली काय झालं आहे ते दिसत नाही. मरळीसाठीच्या रबरी बेडकाच्या ल्युअरवरचे दुहेरी गळ रबराच्या अंगाला किती चिकटून बसतात, ते दाबून पाहा. अंग दबल्यावर अण्या उघड्या पडल्या पाहिजेत. आणि मऊ प्लॅस्टिकची आमिषं कडक ल्युअरसोबत एकाच कप्प्यात ठेवू नका. त्यांतला तेलकट घटक रंग आणि प्लॅस्टिक दोन्ही वितळवतो.

गळ बसले, की बादली काढा. १० लिटर पाण्यात साधारण ३५० ग्रॅम मीठ विरघळवलं की समुद्राच्या जवळपासचं पाणी तयार होतं. साधं खडे मीठ चालतं. दुसऱ्या बादलीत नुसतं नळाचं पाणी. ल्युअरला तुमचा नेहमीचा स्नॅप (ल्युअर अडकवायची क्लिप) आणि हातभर लीडर लावूनच सोडा, त्यांचंही वजन असतं. अंगावरचे बुडबुडे बोटाने झटका आणि मग पाहा.

सस्पेंडिंग ल्युअर पावसाळ्यासाठी हवा असेल तर तो नळाच्या पाण्यात स्थिर राहील इतके हलके गळ निवडा. त्याच गळांनी तो मिठाच्या बादलीत वर येईल, आणि ते बरोबरच आहे. उन्हाळ्यासाठी तेवढं वजन वरून चढवायचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सोल्डरची तार मिळते. बिनशिश्याची, १ मिलिमीटर जाडीची घ्या. तिचे ७ सेंटीमीटर म्हणजे साधारण ०.४ ग्रॅम. तार स्वतः थोडं पाणी बाजूला सारते, ते वजा केलं की आपल्या १४ ग्रॅमच्या मिनोला हवे तेवढेच. ती पुढच्या ट्रेबलच्या दांडीवर सहा-सात घट्ट वेढे देऊन बसवा आणि टोक पकडीने दाबा. मागच्या गळावर देऊ नका. शेपूट जड झाली की मिनोची लचक मरते. शिशाची तारही मिळते आणि जड असल्याने कमी लागते, पण शिसं खाडीत सोडायचं कशाला. तरंगणाऱ्या आणि झपाट्याने बुडणाऱ्या ल्युअरना हा बारीक हिशेब तितका लागत नाही. पॉपरमध्ये, म्हणजे पाण्यावर आवाज करणाऱ्या ल्युअरमध्ये, फक्त तो पाण्यावर किती कोनात बसतो ते पाहा. शेपूट पूर्वीपेक्षा वर उचलली गेली तर तोंडात पाणी भरत नाही आणि आवाज येत नाही.

खाडीवर पहिली फेक जवळच टाका आणि ल्युअर पायाजवळून ओढून पाहा. एका बाजूला पळत असेल तर आधी गळ एका अंगाला अडकला नाही ना ते बघा. नसेल, तर नाकाचा कोंडा पकडीने विरुद्ध दिशेला केसभर वाकवा. तुमच्या बाजूने पाहताना डावीकडे जात असेल तर उजवीकडे. केसभर म्हणजे केसभरच. कोंडा वाकला हे डोळ्यांना दिसलं, की बहुधा जास्त झालेलं असतं.

काढलेले गळ सुट्टे कचऱ्यात टाकू नका, सफाई कामगाराच्या हातात ते जातात. झाकणाच्या औषधाच्या बाटलीत साठवा आणि भरली की भंगारात द्या. जेट्टीवर किंवा चिखलात तर एकही पडू देऊ नका. सुकतीला त्याच चिखलात कोळणी अनवाणी निवट्या आणि कालवं शोधतात, आणि त्याच चिखलात पाखरं चरतात. ऐरोली आणि वाशी पुलांदरम्यानचा खाडीचा पश्चिम किनारा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. हद्द कुठून सुरू होते ते आधी विचारून घ्या आणि तिच्या आत गळ टाकू नका. काम करताना गळ बोटात काट्यासकट रुतला तर जोराने उपटू नका, डॉक्टरकडे जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. डोळ्याजवळ रुतला असेल तर हातही लावू नका.

प्रत्येक फेरीनंतर ल्युअर दहा मिनिटं गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, कड्या बोटाने फिरवा म्हणजे फटीतला गाळ निघेल, दोरीला टांगून पंख्याखाली वाळवा आणि मगच पेटीत घाला. पेटीत सिलिका जेलची पुडी असू द्या. सगळ्यात निवांत वेळ नारळी पौर्णिमेच्या आधीचा. सगळी पेटी एकदाच पसरायची, नेढी तपासायची, काटा लावायचा. काम झालेल्या प्रत्येक ल्युअरच्या ओठाखाली परमनंट मार्करने दोन गोष्टी लिहा: गळांसकट एकूण वजन, आणि ‘पा’ की ‘उ’, म्हणजे तो पावसाळी पाण्यासाठी जुळवला आहे की उन्हाळी.